अक्का बसल्या

अक्कांना कुणी ‘बसा’ म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं.

“बसायचंच हाय की शेवटी. आमच्यात माती देतानासुदा बसवूनच देत्यात. मंग आतापासनं कशाला सराव?”

अक्का लिंगायत. त्यांच्यात माणूस गेलं की आडवं निजवत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि तशीच माती देतात. हे बोलून अक्का स्वतः खळखळून हसायच्या. ‘बसा’ म्हणणारा मात्र ओशाळून आपणच उठून उभा राहायचा.

अणदूरला खंडोबाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची पिठाची गिरणी होती. नवरा लवकर गेला, त्यांची लेक शैलाताई तेव्हा रांगत होत्या म्हणे. तेव्हापासून गिरणी अक्कांनीच चालवली. लुगडं इरकलीच, कपाळाला आडवी विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि या सगळ्यावर पिठाचा एक पातळ थर. भुवयांवरसुद्धा पीठ. सकाळी विभूती कुठं संपते आणि पीठ कुठं सुरू होतं ते कळायचं नाही.

जन्मभर गिरणीच्या आवाजात बोलल्यामुळं त्यांना हळू बोलता येत नव्हतं. देवळात शेजारणीच्या कानात काही सांगितलं तरी गुरव वळून बघायचा. आणि तोंडात एकच शब्द, आटप. पीठ न्यायला आलेल्या बाईला आटप, डबा घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला “आटपा दादा”, गिरणीच्या पट्ट्यालासुद्धा आटप. जेवायच्या उभ्यानं, एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातानं दुसऱ्याच्या डब्याचं झाकण लावत. सोलापूरला जायचं असलं की गाडीच्या कितीतरी आधी स्टँडवर हजर. गाडी आली की आधी सगळ्यांना ढकलून वर चढवायच्या आणि मग स्वतः. कंडक्टर म्हणायचा, “अक्का चढल्या का? मंग घंटी मारायची गरज न्हाय, गाडी भिऊनच सुटती.”

मी तेरच्या बाजूची. शाळा सातवीतच सुटली, पुढं लग्नही टिकलं नाही, आणि एका ओळखीनं अक्कांकडं कामाला लागले. मी पहिल्यापासून घाबरट. दळण बदललं तर काय, कुणी ओरडलं तर काय, या विचारानं एकच डबा तीनदा उघडून बघायची. पहिल्या दिवशी माझ्या हातून ज्वारीत गहू मिसळले. आता घालवतात म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. अक्का माझ्याकडं बघून ओरडल्या, “रडायचं आसंल तर आटप, रांग लागलीया!” आणि ते मिसळलेलं धान्य त्यांनी आपल्या घरासाठी दळून घेतलं. त्या आठवड्यात आम्ही गव्हाज्वारीची भाकरी खाल्ली. “चांगली लागती की,” एवढंच त्या म्हणाल्या.

अशा बाईला एक दिवस गिरणीत चक्कर आली. पट्टा चालू असताना त्या खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. अक्का आपणहून बसल्या म्हटल्यावर रांगेतल्या बायकांना कळलं की काहीतरी वाईट झालंय. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासलं. हृदय दमलंय म्हणाले. “अक्का, आता उभ्यानं कामं बंद. बसून राहायचं.” अक्कांनी आपलं नेहमीचं उत्तर दिलं. डॉक्टर हसले नाहीत. ते माझ्याकडं वळून म्हणाले, “यांना बसवता आलं तर बसवा. नाहीतर फार दिवस नाहीत.”

गिरणी पुतण्यानं, सिद्धूनं, हातात घेतली. पण अक्का सकाळी उठून तिथंच. सिद्धू म्हणायचा, “काकू, तुमी घरी जावा की.” त्या म्हणायच्या, “जाती की, एवढा डबा हुंदे.” तो डबा कधीच संपायचा नाही.

शैलाताई पोर्तुगालात एका प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. एकट्याच राहायच्या. वर्षानुवर्षं आईला बोलवत होत्या, आणि अक्का म्हणायच्या, “येळ कुठं हाय?” या वेळी त्या स्वतः न्यायला आल्या. अक्कांनी शेवटचं हत्यार काढलं, “खंडोबाला सोडून कशी येऊ?”

आता अणदूरचा खंडोबा कायम अणदुरात नसतो. वर्षातले काही दिवस तो पालखीतून नळदुर्गला जाऊन राहतो, मग परत येतो. शैलाताई म्हणाल्या, “अव्वा, देव सोता उठून हिवाळ्यात नळदुर्गला जाऊन ऱ्हातो. तू दुसऱ्या गावाला चार दिवस ऱ्हायलीस तर काय बिघडंल?”

अक्कांनी देवळाकडं बघितलं. मग म्हणाल्या, “मंगल आली तर येती.” माझा पासपोर्ट निघाला तो असा. मी तो कापडी पिशवीत घालून कमरेला बांधला आणि आंघोळीलासुद्धा सोडायला भ्यायचे.

शैलाताईंचं गाव पोर्तुगालच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. दगडी गल्ली, गल्लीत मोजकी घरं, नोव्हेंबरची थंडी आणि धुराड्यांतून लाकडाचा धूर. शैलाताईंची प्रयोगशाळा दूरच्या शहरात, त्या आठवडाभर तिकडंच राहायच्या आणि शनिवारी यायच्या. घरात आम्ही दोघी. भाषा कुणालाच येत नाही.

अक्का पहाटे उठायच्या आणि त्यांना करायला काही नसायचं. स्नान, मग तळहातावर लिंग घेऊन पूजा. तेवढं एकच काम त्या आयुष्यभर बसून करत आल्या होत्या, आणि तेही झटपट. मग खिडकीत उभ्या. गल्लीतली दुकानं दुपारी जेवायला बंद व्हायची. अक्का माझ्यावरच डाफरायच्या, “भर दुपारी दुकान बंद? आन् गिऱ्हाइकानं काय करायचं? ह्यांना कुणी आटप म्हणणारं न्हाय का?” दुकानदार दुपार उलटली की सावकाश येऊन दार उघडायचा आणि आधी दारातच उभा राहून शेजाऱ्याशी गप्पा मारायचा. अक्का आतून त्याच्याकडं बघत पाय आपटायच्या.

तिसऱ्या का चौथ्या सकाळी त्या झाडू घेऊन बाहेर गेल्या आणि गल्ली झाडायला लागल्या. आमच्यापुरती नाही, अख्खी. समोरच्या घरात एक म्हातारी राहायची, अमेलिया नावाची. अक्कांच्याच वयाची, ठेंगणी, काळे कपडे, गळ्यात बारीक साखळीत क्रूस. तिच्या दाराशी भिंतीला लागून दगडी बाक होता. सकाळचं ऊन आधी त्या बाकावर पडायचं आणि ती तिथं येऊन बसायची, शेंगा सोलत नाहीतर नुसतीच. अक्कांचा झाडू सपासपा चालताना बघून ती उठली आणि हात खाली दाबल्यासारखा करत म्हणाली, “काल्मा, काल्मा.”

अक्का घाईनं आत आल्या. “मंगल, समोरची बाई मुसलमान हाय गं.”

“कशावरनं?”

“मला बघून कलमा म्हणतीया की. दोनदा म्हणली.”

“अक्का, तिच्या गळ्यात क्रूस आहे.”

“आसंल. आपल्या चाँदबीच्या गळ्यात न्हाय का ताईत? तसं.”

चाँदबी ही गिरणीशेजारची अक्कांची जन्माची मैत्रीण. तेव्हापासून समोरची बाई अक्कांना एकदम जवळची वाटायला लागली. नाव त्यांनी आपल्या परीनं कानडी करून घेतलं, अमलव्वा. अमलव्वा रोज काल्मा म्हणायची. अक्का भाजी पिशवीत कोंबताना, जिन्यावरून धावत उतरताना, दाराशी उभ्यानं चहा पिताना. आणि अक्का दर वेळी आदरानं मान झुकवायच्या. “लई धार्मिक बाई हाय,” त्या मला सांगायच्या. “उठता बसता देवाचं नाव.”

मग एक दिवस अमलव्वानं आपला फोन आणला. तिच्या फोनमध्ये एक सोय होती, एका भाषेत बोललं की दुसऱ्या भाषेत तो सांगायचा. तिनं तो अक्कांच्या तोंडासमोर धरला आणि बोला अशी खूण केली. अक्कांनी डोक्यावर पदर घेतला. पहिल्यांदाच रीतसर ओळख होतेय म्हटल्यावर त्यांनी हात जोडले आणि गिरणी चालू असल्यासारखं ओरडून सांगितलं, “शरणु शरणार्थी!”

लिंगायतांत भेटल्यावर असंच म्हणतात, आपण रामराम म्हणावं तसं. फोननं जरा विचार केला आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलला. अमलव्वाचा चेहरा बदलला. तिनं आपला हात गालावर ठेवला. मग अक्कांचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. अक्का घरी येऊन म्हणाल्या, “काय माया हाय बाईला! नुसतं शरणु म्हणलं तर डोळं भरून आलं तिचं.”

दुसऱ्या दिवशी दाराशी एक घोंगडी. मग बटाट्याची पिशवी. मग सूपाचं भांडं, त्यात काय आहे ते कळेना म्हणून मी ते तसंच झाकून ठेवलं. मग एक लांब कोट, गडद निळा, लोकरीचा, मोठ्या बटणांचा. पुढं गल्लीतली दुसरी माणसंही यायला लागली. कुणी मोजे, कुणी बूट, कुणी साबण. एक गृहस्थ आले, आमच्याकडं बघून छातीवर हात ठेवला, आणि न बोलता तेलाची बाटली ठेवून गेले. अक्का सगळ्यांना हात जोडून म्हणायच्या, “शरणु शरणार्थी.” त्यांना वाटलं, इथं पाहुण्याला द्यायची रीत असेल. मला मात्र धडकी भरली होती. एवढं कुणी कुणाला उगीच देत नाही. मी पासपोर्टाची पिशवी आणखी घट्ट बांधली.

शनिवारी शैलाताई आल्या. दाराशी पिशव्यांचा ढीग. त्या समोर अमलव्वाकडं जाऊन आल्या आणि आल्या त्या खुर्चीत बसून हसायलाच लागल्या. हसता हसता रडल्या.

“अव्वा, तू काय म्हणालीस त्यांच्या फोनला?”

“काय म्हणणार? शरणु शरणार्थी.”

“अगं, फोननं त्यांना सांगितलं की तू शरणार्थी आहेस. म्हंजे देशातनं पळून आलेली. घर जळलेली. निर्वासित! सगळ्या गल्लीला वाटतंय, आपला जीव वाचवून तुमी दोघी इथं आलाय.”

आणि ‘काल्मा’चाही खुलासा त्यांनी तेव्हाच केला. कलमा नव्हे, काल्मा. म्हणजे शांत, सावकाश, घाई नको. अमलव्वा इतके दिवस देवाचं नाव घेत नव्हती, अक्कांना दम खायला सांगत होती.

मला हसू येत होतं, पण अक्कांच्या चेहऱ्याकडं बघून ते जिरलं. त्यांच्या गिरणीच्या दारातून कुणी भुकेलं परत गेलेलं मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या डब्यातलं पीठ सांडलं तरी त्यातलं चिमूटभरही त्यांनी आपल्याकडं घेतलं नव्हतं. त्या सावकाश म्हणाल्या, आणि त्यांचं सावकाश बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं, “म्हंजे ही भीक हाय.”

“भीक नव्हे गं अव्वा...”

“तिकीट काढ शैला. मला घरी जायाचं. बसून खायची सवय न्हाय मला, आन् मागून तर न्हायच न्हाय.”

शैलाताईंचं हसणं कधीच थांबलं होतं. “काढते,” त्या म्हणाल्या. “तू जाशील. दुसऱ्या दिवशी पहाटे गिरणीत उभी राहशील. आन् एक दिवस मला सिद्धूचा फोन येईल. तेवढंच ना?”

अक्का पिशव्यांच्या ढिगाकडं वळल्या. मीही भांडी घासायला वळले. डॉक्टरांचं बोलणं तिथं आम्हा तिघींनाही ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांची पूजा संपेना. लिंग तळहातावर, डोळे त्याच्यावर, ओठ हलत नाहीत. मी दोनदा डोकावले. शेवटी त्या उठल्या, निळा कोट घडी करून हातावर घेतला आणि म्हणाल्या, “चल. ज्याचं त्याला देऊन येऊ.”

आम्ही दार उघडलं. त्या वेळी अमलव्वा देवळात जायला, म्हणजे चर्चला, घरातून बाहेर पडत होती. तिच्या अंगावर एक जुना तपकिरी कोट होता. कॉलर विरलेली, कोपराला ठिगळ, आणि एक बटण वेगळ्याच रंगाचं.

अक्का उंबऱ्यातच थांबल्या. हातातल्या कोटाकडं बघितलं, तिच्या अंगावरच्या कोटाकडं बघितलं. निळ्या कोटाची ती मोठी बटणं त्यांनी अंगठ्यानं एकेक चाचपली.

“मंगल,” त्या म्हणाल्या, “हिनं चांगला मला दिला गं. आन् फाटका सोताला ठिवला.”

अमलव्वानं हात हलवला. अक्कांनी कोट उलगडला आणि तिच्या देखत अंगात घातला. बाह्या लांब होत्या, बोटं दिसत नव्हती. तशाच बाह्यांनी त्यांनी हात जोडले.

आत आल्यावर त्या कोट न काढता खुर्चीवर टेकल्या. शैलाताई चहा घेऊन उभ्या होत्या.

“मला सांग शैला, शरणार्थी म्हंजे काय गं? आपल्यात?”

“शरण आलेला. आसऱ्याला आलेला.”

“व्हय ना? मंग फोन काय खोटं बोलला? जल्मभर म्या येईल त्याला हात जोडून सांगतीया, तुमच्या आसऱ्याला आली म्हणून. कंडक्टरला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं. कुणी खरं धरलं न्हाय. म्या सोता बी न्हाय.” त्यांनी खिडकीतून समोर बघितलं. “ह्या एका बाईनं खरं धरलं.”

मग चहाचा कप घेतला आणि नेहमीच्या आवाजात ओरडल्या, “तिकिटाचं ऱ्हाऊ दे आता. हिला जेवू घातल्याबिगर जायाचं न्हाय!”

नाताळ जवळ आला होता. अमलव्वानं आपल्या खोलीत कोपऱ्यात देखावा मांडला. डोंगरातून आणलेलं ओलं शेवाळ पसरून त्याचं कुरण केलं, त्यात मातीची मेंढरं, गाय, गवताचा गोठा, आणि गोठ्यात आईबाप. पाळण्याची जागा रिकामी. बाळ त्या रात्री ठेवायचं असतं, शैलाताईंनी सांगितलं. अक्कांना ते फार पटलं. “बरोबर हाय. बाळ झाल्याबिगर पाळण्यात कसं ठिवायचं? ह्यांच्यात घाई न्हाय.” एक मेंढरू शेवाळात पडलं होतं, ते त्यांनी उभं केलं. मग जरा विचार करून पुन्हा आडवं केलं. “बसंना का. चरून दमलंय.”

नाताळच्या दुपारी गल्लीला हुग्गी खाऊ घालायची असं अक्कांनी ठरवलं. हुग्गी म्हणजे लिंगायतांच्या लग्नाकार्यातली गव्हाची खीर. गहू भिजवून, कांडून, त्याची टरफलं काढायची आणि गुळात मंद शिजवायचा. गहू मिळाला, गूळ आम्ही घरून आणलेला होता. पण कांडायला उखळ नाही. अमलव्वाकडं लसूण ठेचायचा एक दगडी खल होता, दोन मुठी गहू मावतील एवढा. जिनं आयुष्यभर पोती दळली त्या अक्का मूठ मूठ गहू कांडायला बसल्या. बसल्या म्हणजे खरंच बसल्या, कारण उभ्यानं तो खल धरता येत नव्हता. दगडी बाकावर उन्हात दोघी शेजारी शेजारी. एकीनं कांडायचं, दुसरीनं कापडावर चोळून टरफलं फुंकायची. मधेच अक्कांचा हात जोरात चालायला लागला की अमलव्वा बोट वर करायची, आणि अक्का आधीच म्हणायच्या, “व्हय व्हय, काल्मा.”

नाताळच्या आदल्या संध्याकाळी अमलव्वानं आम्हाला जेवायला बोलावलं. अक्कांसाठी तिनं बटाटे आणि कोबी वेगळ्या भांड्यात उकडला होता, माशाच्या भांड्यापासून लांब. टेबलावर एक ताट जास्त होतं. त्यासमोर खुर्चीही होती, पण कुणी बसेना. शैलाताईंनी विचारलं तर कळलं, ते गेलेल्या माणसासाठी. तिच्या नवऱ्यासाठी. त्या दिवशी ताट मांडतात, आणि जेवण झाल्यावर टेबल आवरत नाहीत, रात्री गेलेली माणसं येऊन जेवून जातात म्हणून.

अक्का त्या ताटाकडं बघत राहिल्या. मग शैलाताईंना म्हणाल्या, “तिला इचार, आणखी एक ताट हाय का.”

अमलव्वा विचारून होण्याआधीच उठली होती. ताट आलं. अक्कांनी त्यात दोन बटाटे वाढले, वर तेल सोडलं आणि म्हणाल्या, “आमचं मालक बी कधी बसून जेवलं न्हाईत. पट्ट्यापाशी उभ्यानंच.” जेवण संपल्यावर सवयीनं मी भांडी गोळा करायला उठले. अक्कांनी माझा हात धरून खाली बसवलं. “ऱ्हाऊ दे. त्यांचं हुंदे.”

नाताळच्या सकाळी हुग्गी चुलीवर चढली. हुग्गीला घाई चालत नाही, आच वाढवली की तळाला लागते. अक्का पातेल्याशेजारी स्टुलावर बसल्या. त्या कधी उठतात याची मी वाट बघत होते, आणि त्या उठल्या नाहीत. पळी माझ्या हातात दिली आणि नुसत्या बसून राहिल्या, खिडकीतून येणाऱ्या घंटेच्या आवाजाकडं कान लावून. दुपारी गल्ली जमली. तेलाची बाटली देणारे गृहस्थ, मोजेवाली, उशिरा दुकान उघडणारा दुकानदार. तो वेळेवर आला होता, हे अक्कांनी मला दोनदा सांगितलं. हुग्गी ताटल्यांत पसरल्यावर अमलव्वानं दालचिनीची पूड मागितली आणि चिमटीत धरून प्रत्येक ताटलीवर रेघा सोडायला लागली. चौकोन, फुलं, वेली.

“आगं बाई!” अक्का ओरडल्या. “ही तर रांगोळी काढतीया!”

त्याही चिमूट घेऊन शेजारी बसल्या आणि उरलेल्या ताटल्यांवर त्यांनी आपली ठिपक्यांची काढली. खाताना शैलाताईंनी सगळ्यांना ‘शरणार्थी’ या शब्दाचा उलगडा केला तेव्हा हसण्याचा कल्लोळ झाला. अमलव्वा लाजून लाल झाली. मग तिनं आपले हात जोडले आणि अक्कांना म्हणाली, “शर्नार्ती.” ती त्यानंतर रोज सकाळी बाकावरून तसं म्हणायची, आणि अक्का समोरून ओरडायच्या, “काल्मा!” दोघींचं सगळं बोलणं त्या दोन शब्दांतच होतं.

व्हिसाची मुदत संपेपर्यंत अक्का तिथं राहिल्या. रोज सकाळी त्या बाकावर. जाताना मी मात्र मागं राहिले. शैलाताईंनी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात माझ्या कामाची आणि त्याच्या कागदपत्रांची सोय लावली होती. मी रडायला लागले. मला भाषा येत नाही, मी सातवीतली, मला इथं कोण विचारणार? अक्का निळ्या कोटात, पिशव्यांच्या ढिगात उभ्या होत्या.

“मला तरी कुठं येत व्हती? म्या दोन शब्दांत हिवाळा काढला,” त्या म्हणाल्या. “तुला तर सातवी हाय.”

पुढच्या डिसेंबरात मी सुट्टीवर अणदूरला गेले. गिरणी सिद्धू चालवत होता. बाहेर भिंतीला लागून अक्कांनी एक शहाबादी फरशीचा बाक करून घेतला होता, सकाळचं ऊन जिथं पहिल्यांदा पडतं तिथं. त्यावर त्या आणि चाँदबी. दळणाला आलेली एक बाई म्हणत होती, “अक्का, सिद्धूला आटप म्हणा की, मला रानात जायाचंय.”

“काल्मा,” अक्का म्हणाल्या.

बाई चाँदबीकडं बघून हसली. “चाँदबी, अक्काला कलमा कवा शिकवला गं?”

“म्या कशाला शिकवू?” चाँदबी म्हणाली. “शिकून आली ती, इमानात बसून.”

नाताळच्या दुपारी रांगेतल्या सगळ्यांना हुग्गी मिळाली. कशाची म्हणून कुणी विचारलं, तर अक्का म्हणायच्या, “अमलव्वाकडची.” मी निघायच्या दिवशी नेहमीसारखी घाबरले होते. गाडी चुकेल, विमान चुकेल, पासपोर्ट राहील. अक्का बाकावरून म्हणाल्या, “जा नीट. गाडी येतीया.” स्टँडवर ढकलायला त्या आल्या नाहीत.

या उन्हाळ्यात अक्का गेल्या, त्यांच्यात म्हणतात तसं लिंगैक्य झाल्या. मला जाता आलं नाही. शैलाताई जाऊन आल्या आणि सांगायला लागल्या, अव्वाला मांडी घालून बसवलं तेव्हा... आणि पुढं त्यांना बोलवेना. मी म्हटलं, ताई, मी त्यांना बसलेलं बघितलंय. समोर जाऊन मीच अमलव्वाला सांगितलं. आता मला तेवढी भाषा येते. बाकावर सरकून तिनं शेजारची जागा मोकळी केली आणि त्या रिकाम्या जागेपुढं हात जोडले.

मला अक्का दिसतात त्या अणदूरच्या बाकावरच्याच, मी निघाले त्या शेवटच्या सकाळच्या. एस.टी. गिरणीवरून वळली तेव्हा मी मागच्या काचेला नाक लावलं होतं. बाकावर ऊन आलं होतं. इरकली लुगड्यावर तो निळा कोट, लांब बाह्यांत बुडालेले हात, बाहीच्या काठाला पीठ. कंडक्टरनं घंटी मारली. अक्कांनी मान वर करून गाडीकडं बघितलं, हसल्या, आणि बसून राहिल्या.